टूथमधला 'न' गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनच्या वर्गात सांगितलं की इंग्रजी 'टूथ' आणि जर्मन 'त्सान' हा मुळात एकच शब्द. पण टूथमध्ये 'थ' आहे, 'न' नाही. त्सानमध्ये 'न' आहे, 'थ' नाही. सुरुवातही वेगळी. मग एक कसे? उलट आपला 'दात' दोघांच्याही जवळचा वाटतो, तर सगळं संस्कृतातून तिकडे गेलं असं म्हणायचं का? आणि जाता जाता, त्सानच्या स्पेलिंगमध्ये एच कशासाठी?

मी गेली पंचवीसेक वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आणि कारखान्यांसाठी तांत्रिक भाषांतरं करते. शरीराचे अवयव शिकवायला घेतले की हा प्रश्न येतोच. पूर्वी मी "आहे तसं पाठ करा" म्हणून पुढे जायचे. आता जात नाही, कारण या एका शब्दात जर्मानिक भाषांचा (म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंच्या कुटुंबाचा) निम्मा इतिहास सापडतो आणि त्याचा एक तुकडा थेट मराठीत येऊन पोचतो.

तुमची खरी अडचण दाताची नाहीच. दोन शब्द 'एकच' आहेत म्हणायला पुरावा कोणता लागतो, ही आहे. आपल्याला वाटतं, कानाला सारखे लागले की झालं. इथेच फसायला होतं. इंग्रजी 'डे' आणि लॅटिन 'दिएस', दोन्हींचा अर्थ दिवस, दोन्हींची सुरुवात 'द/ड'ने. पण त्यांचं नातं नाही. लॅटिन दिएस हा आपल्या 'दिवस'चा भाऊ. इंग्रजी डे वेगळ्या धातूतून आलेला. कशावरून? जिथे संस्कृत-लॅटिनमध्ये 'द' आहे तिथे इंग्रजीत 'ट' यायला हवा, आणि डेमध्ये तो नाही. 'दिवस'च्याच घरातला आपला 'देव', त्याचा खरा इंग्रजी भाऊ ट्यूसडेमध्ये लपलाय. टीव नावाच्या जुन्या देवाचा तो वार. तिथे 'ट' आहे.

तेव्हा सारखेपणा नको, फरकातली शिस्त बघा. मोजून बघा: दोन, टू, त्स्वाय. दहा, टेन, त्सेन. दात, टूथ, त्सान. मराठीत द, इंग्रजीत ट, जर्मनमध्ये त्स. एकदा जुळलं तर योगायोग म्हणता येईल. ओळीने जुळत गेलं, तेही दोन-दहासारख्या शब्दांत, जे कुणी सहसा उसने घेत नाही, तर योगायोग म्हणता येत नाही.

ही शिस्त डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये मांडली आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने तिला नियमाचं रूप दिलं. हो, परीकथांमधल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला. जर्मानिक भाषांच्या पूर्वज बोलीत मूळचा द ट झाला, त थ झाला, प फ झाला, क ह झाला. (हा थ आपल्या थाळीतला नव्हे. जिभेचं टोक वरच्या दातांना टेकवून नुसती हवा सोडायची, तो. खाली 'थ' लिहीन तिथे तो धरा.) ही झाली पहिली पायरी, ती सगळ्या जर्मानिक भाषांना लागू. दुसरी पायरी फक्त दक्षिणेकडच्या, डोंगराळ भागातल्या जर्मनने चढली, साधारण सहाव्या ते आठव्या शतकात. तिथे ट पुन्हा सरकला. शब्दाच्या सुरुवातीला तो त्स झाला आणि स्वरानंतर स झाला. म्हणून टेनचा त्सेन, पण वॉटरचा वासर आणि 'ईट'चा 'एसन'. डच, स्वीडिश, डॅनिश ही पायरी चढलेच नाहीत. म्हणून त्यांचा दात 'ट'नेच सुरू होतो. डचमध्ये टांट (लिहिताना शेवटी डी), स्वीडिशमध्ये टांड, नॉर्वेजियनमध्ये टान. डॅनिश लोक लिहितात टांड आणि डी गिळून टाकतात.

हा डॅनिश शब्द तुमच्या खिशातही आहे. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजा हाराल्डचं टोपणनाव होतं ब्लोटान, म्हणजे निळा दात. जुन्या नॉर्समध्ये तो रंगशब्द काळपट छटेलाही वापरत, त्यामुळे बिचाऱ्याचा एखादा दात मेलेला असावा असा तर्क करतात. त्याचं इंग्रजी भाषांतर म्हणजे ब्लूटूथ, आणि फोनवरचं ते चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरं, ह आणि ब, रून या तिकडच्या जुन्या लिपीत एकावर एक बसवलेली.

इथे मराठी माणसाचा एक फायदा सांगते. 'त्सान'मधला त्स हिंदी भाषकांना वेगळा घोटवावा लागतो. आपल्याला नाही. चाक, चोर, चूल म्हणताना जो च आपण काढतो तोच तो. माझ्या वर्गात मी फळ्यावर सरळ 'चान' लिहिते आणि सांगते, चाकातला च. पहिल्या तासाला जमतं.

आता मुख्य मुद्दा, तो 'न'.

जर्मानिक भाषांच्या पूर्वज बोलीत हा शब्द 'टान्थ-' असा काहीतरी होता. त्यात न आणि थ दोन्ही होते. जर्मनने न ठेवला आणि शेवटचा वर्ण टाकला. इंग्रजीने थ ठेवला आणि न टाकला. म्हणजे दोघांकडे अर्धा-अर्धा ऐवज आहे आणि तुम्ही तो शेजारी ठेवून विचारताय की जुळत का नाही. जुन्या जर्मनमध्ये 'त्सांड' आणि 'त्सान' अशी दोन्ही रूपं सापडतात, म्हणजे शेवटचा वर्ण आपल्या डोळ्यांदेखत गळतोय. (मूळचा थ जर्मनमध्ये ड होतो: थ्रीचा ड्राय.)

इंग्रजीत जे घडलं ते जास्त मजेचं आहे. 'न' म्हणायला जीभ पूर्ण टेकावी लागते. लगेच पुढे थ असेल, तर जिभेला फट ठेवावी लागते. म्हणून बघा: टान्थ, टान्थ, टान्थ. चार-पाचदा भरभर म्हटलंत की जीभ टेकायचा आळस करते, आणि नाकातली हवा आधीच्या स्वरात शिरते. न सुटा राहत नाही, स्वरच अनुनासिक होतो, आणि गेलेल्या वर्णाची भरपाई म्हणून लांबतो. टांऽथ. पुढे नाकातला स्वर गेला, आ गोल होऊन ओ झाला, आणि जुन्या इंग्रजीत उरलं 'टोऽथ'. आजच्या स्पेलिंगमधले दोन ओ ही त्याच उच्चाराची खूण. ऊ नंतर आला.

हे फक्त दाताचं झालं नाही. थ, फ, स यांच्या आधी आलेला अनुनासिक इंग्रजीने सरसकट टाकला. जर्मन फ्युन्फ, इंग्रजी फाइव्ह. जर्मन उन्स, इंग्रजी अस. जर्मन मुंट म्हणजे तोंड, इंग्रजी माउथ. जर्मन गान्स, इंग्रजी गूस. हा शेवटचा तर आपल्या ओळखीचा: हंस. आपल्याकडे तो राजहंस, तिकडे बदकाचा थोरला भाऊ, एवढाच अर्थातला फरक.

आणि आता मराठीकडे या. संस्कृत दन्त, मराठी दात. पञ्च, पाच. कण्टक, काटा. कम्प, कापणे (थरथर कापणे, सुरीने नव्हे). चञ्चु, चोच. न गेला, आणि बहुतेक ठिकाणी आधीचा स्वर लांबला. टूथ आणि फाइव्ह यांनी जे केलं तेच दात आणि पाच यांनी केलं, हजारो मैलांवर, एकमेकांना न विचारता. दात आणि टूथ तुम्हाला जवळचे वाटले त्याचं हे एक कारण आहे, आणि गंमत म्हणजे तेवढ्यापुरती ती जवळीक वारशातली नाही. वारसा दोघांकडेही 'न'सकटच आला होता. दोघांनी तो आपापल्या घरी हरवला.

मधली पायरी, ती नाकातल्या स्वराची, इंग्रजीत कुणी लिहून ठेवलेली नाही. ती तर्काने मांडावी लागते. आपल्याकडे ती ऐकायला मिळते. हिंदीत दाँत, पाँच. गोव्यात कोंकणीत दांत, पांच, नाकातून. आणि मराठीतही ती होती: जुनं मराठी पुस्तक उघडा, दांत, पांच, कांटा असं छापलेलं दिसेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. माझ्या आजोबांच्या वहीत 'दांत दुखतो' असं लिहिलेलं आहे, आणि वर टिंब. लहानपणी मला ते चुकीचं वाटायचं. आता तो टिंब बघितला की मला जुन्या इंग्रजीच्या आधीचा तो हरवलेला टप्पा दिसतो.

इथे थोडं सावध राहा, कारण हे परिस्थितीवर अवलंबून असतं. मराठीचा आणि इंग्रजीचा नियम तंतोतंत एक नाही. मराठीत साधारणपणे पुढचा वर्ण कठोर असला (क, च, ट, त, प) तर अनुनासिक जातो. मृदू असला तर राहतो. म्हणून दन्तचा दात, पण स्कन्धचा खांदा. त्यालाही सुंठीसारखे अपवाद आहेत. तिकडे डचांचं बघा: फाइव्हला ते 'फेफ' म्हणतात, म्हणजे न गेलेला, पण दाताला टांट आणि 'आम्हाला'साठी ओन्स, म्हणजे न शाबूत. समुद्रकिनाऱ्याच्या बोली न टाकणाऱ्या आणि आतल्या ठेवणाऱ्या. डच प्रमाणभाषा दोन्हींच्या सीमेवर उभी राहिली, त्यामुळे तिच्या पदरात दोन्ही पडलं. आणि इंग्रजीची सख्खी शेजारीण फ्रिजियन, नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावरची? ती आज दाताला 'टॉस्क' म्हणते. इंग्रजीत हाच शब्द 'टस्क' म्हणून हत्तीच्या सुळ्याकडे गेला. तेव्हा कुणी नकाशावर एक रेघ मारून "इकडे न, तिकडे न नाही" असं दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

अनेकवचन तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्गात पुढचा प्रश्न तोच असतो. टूथचं टीथ का? जुन्या काळी अनेकवचनाच्या प्रत्ययात एक इ होता. त्या इकाराची चाहूल आधीच्या स्वराला लागली आणि तो पुढे सरकला. मग प्रत्यय गळून गेला, सरकलेला स्वर राहिला. गूस-गीस तेच. जर्मनमध्ये त्सान-त्सेने, गान्स-गेन्से. स्वीडिशमध्ये टांड-टेंडर. पाठ करायच्या याद्या यातून कमी होतात, निदान माझ्या विद्यार्थ्यांच्या तरी झाल्या.

आता संस्कृतचा प्रश्न. नाही, जर्मन किंवा इंग्रजी संस्कृतातून निघालेल्या नाहीत. संस्कृत त्यांची आई नाही, थोरली चुलतबहीण आहे. कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने १७८६ मध्ये तिथल्या भाषणात हेच म्हटलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. याच शब्दात पुरावा आहे. ग्रीकमध्ये दात म्हणजे 'ओदोन्त-'. मुलांच्या दातांना तारा लावणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, त्यातला 'ओडॉन्ट' तो हा. सुरुवातीचा तो ओ दन्तमध्ये नाहीच. संस्कृतात जे नाही ते संस्कृतातून ग्रीकमध्ये जाणार कसं? तो मूळचा होता आणि संस्कृतात गळाला असं मानलं तर सगळं जुळतं. आणि तो स्वर धरला की बहुतेक अभ्यासकांच्या मते अर्थही उलगडतो: 'खाणारा'. अद् म्हणजे खाणे, त्यातूनच अन्न. इंग्रजी ईट आणि जर्मन एसन त्याच धातूचे. म्हणजे दात आणि अन्न एका घरचे.

पण चुलतबहीण म्हटलं म्हणून तिचं महत्त्व कमी होत नाही. जे तिने जपलं ते इतरांनी क्वचितच जपलं. दन्त शब्द चालवताना काही विभक्त्यांत दत् असं अंग (प्रत्यय लागण्याआधीचं शब्दाचं रूप) येतं, दतः, दता. पाणिनीने त्यासाठी सूत्र दिलंय. शाळेत आम्ही हे 'वैकल्पिक रूप' म्हणून सोडून दिलं होतं. आता चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिकमध्ये, म्हणजे जर्मानिक कुटुंबातल्या आता लुप्त झालेल्या भाषेत, केलेलं बायबलचं भाषांतर बघा. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे. त्यात 'डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात' हे वचन असं आहे: आउगो उंद आउगिन, याह तुन्थु उंद तुन्थाउ. टान्थ नाही, तुन्थ! आ कुठे गेला? काही चुकलेलं नाही. जर्मन-इंग्रजीने जे अंग उचललं ते संस्कृतातल्या दन्तच्या जोडीचं, आणि गॉथिकने उचललं ते दत्‌च्या जोडीचं. मूळ भाषेत एकाच शब्दाची दोन अंगं होती, सशक्त आणि अशक्त. संस्कृतने दोन्ही ठेवली, बाकीच्यांनी एकेक.

"पण दत्‌मध्ये तर न नाही आणि तुन्थमध्ये आहे," असं लगेच म्हणाल. बरोबर. मूळच्या अशक्त अंगात स्वरच नव्हता, न स्वतःच स्वराचं काम करत होता. अशा न-मला संस्कृतने अ केलं आणि जर्मानिकने उन-उम. शत आणि हंड्रेडमधला 'हंड' ही तीच जोडी. आणि रोजच्या वापरातली सांगायची तर 'अज्ञात' आणि 'अननोन'. आपला नकाराचा अ- आणि इंग्रजीचा अन-, आपला ज्ञा आणि इंग्रजीचा नो. पुढे स्वर आला की आपलाही न परत येतो, अनादि, अनंत.

संस्कृतने जपलेली दुसरी गोष्ट म्हणजे वेदांतले स्वराघात. ग्रिमच्या नियमात अपवाद फार होते. भ्राताचा जर्मनमध्ये ब्रूडर होतो, मग पिताचा फाडर का नाही, फाटर का? १८७७ मध्ये छापून आलेल्या लेखात कार्ल व्हेर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की उत्तर वैदिक उदात्तात आहे: भ्रातामध्ये आघात पहिल्या स्वरावर, पितामध्ये शेवटच्या. जर्मानिक भाषांतून तो जुना आघात केव्हाच पुसला गेला होता, पण जाताना त्याने व्यंजनावर ठसा सोडला. संस्कृतचा अभिमान बाळगायचा तर मी या कारणासाठी बाळगेन. 'सगळं आपल्यातूनच गेलं' हे वाक्य त्यामानाने फार आळशी आहे.

एवढं सगळं माहीत असून मी याच शब्दावर एकदा तोंडघशी पडले आहे. सुरुवातीच्या काळात एका गिअरबॉक्सच्या देखभाल पुस्तिकेचं मराठी करत होते. जर्मनमध्ये दातालाही त्सान आणि गिअरच्या दात्यालाही त्सान. दातेरी चाक म्हणजे त्सानराट. मी बिनधास्त लिहिलं, 'तुटलेले दात तपासावेत'. शॉपफ्लोअरवरच्या फोरमननी कागद परत दिला आणि म्हणाले, "मॅडम, गिअरला दात नसतात. दाते असतात." कंगव्याला, करवतीला, गिअरला दाते, दात फक्त तोंडात. मराठीने इथे जो भेद केला तो जर्मनने केलाच नाही. व्युत्पत्ती शब्द कुठून आला ते सांगते. आज तो कुठे बसतो ते फोरमनला विचारावं लागतं.

राहिला तो एच. त्याला इतिहास वगैरे काही नाही. त्सानमधला आ लांब म्हणायचा एवढं सांगायला तो लिहितात, उच्चार शून्य. एच म्हणून ह काढलात तर परीक्षेत गुण जातील.